समीक्षाचं पांढरं वस्त्र

५ मार्च, राखेचा बुधवार
निर्णय झाला. समीक्षाचा गॉडफादर मीच. ही माझ्या बायकोच्या, तेरेसाच्या शाळेतली टीचर, नालासोपाऱ्याची. ईस्टरच्या आदल्या रात्री तिचा बाप्तिस्मा. गॉडमदर आमची तेरेसा होणार होती. डिसेंबरात ती गेली, म्हणून चार्ज माझ्याकडे. काम सोपं. दर रविवारी समीक्षासोबत चर्चमध्ये मिस्सा, आणि त्या रात्री तिच्या खांद्यावर पांढरं वस्त्र घालायचं. वस्त्र तेरेसाने शिवून ठेवलंय, तिच्या कपाटात. आजच काढतो.

तेरेसा गेली म्हणून मला विशेष काही झालेलं नाही. जेवतो, झोपतो.

९ मार्च
कपाटाची किल्ली सापडेना. खिशातच होती. केळींना पाणी द्यायचं होतं, मिस्सा चुकली. पुढच्या रविवारपासून स्ट्रिक्ट.

२३ मार्च
समीक्षाचा फोन. फादर विचारत होते, अंकल का येत नाहीत. गुडघा दुखतो म्हणालो. कुठला, विचारलं. दोन्ही म्हणालो.

६ एप्रिल, सायं. ६
कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो. चहा गार झाला. उघडलं नाही. साड्यांना उगाच दमट हवा लागते.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
समीक्षा घरी आली. बाजारातून पांढरी ओढणी घेऊ का, म्हणाली. रागावलो. तेरेसाने शिवलेलं असताना ओढणी कशाला? सगळं अंडर कंट्रोल आहे, सांगितलं.

१९ एप्रिल, सायं. ७
उघडलं! डोळे मिटून हात घातला, वरचं पांढरं काढून पिशवीत कोंबलं, दार बंद. एवढ्याशा कामाचा मी उगाच बाऊ केला होता.

२० एप्रिल, ईस्टर, सकाळ
काल रात्री फादर समीक्षाला म्हणाले, हे पांढरं वस्त्र परिधान कर. मी झोकात पिशवीतून काढून समीक्षाच्या खांद्यावर घातलं. उशीचा अभ्रा. त्यावर तेरेसाने निळ्या दोऱ्याने भरलेलं ‘गुड नाईट’.

पुढच्या बाकावरची रेजिना खुदकन हसली, मग अख्खं चर्च. फादरसुद्धा. आणि मी रडायला लागलो. थांबताच येईना. अभ्रा काढायला गेलो तर समीक्षाने धरून ठेवला. तेरेसा टीचरच्या हातचं आहे अंकल, राहू द्या, म्हणाली. शेवटपर्यंत तसाच ठेवला.

आता कपाट सताड उघडं आहे. खरं वस्त्र वरच्याच कप्प्यात होतं, इस्त्री करून ठेवलेलं. अभ्र्याच्या खालीच. तेरेसा आता नाही. मला हे काल कळलं.

वस्त्र समीक्षाला नेऊन द्यायचंय. आज नाही जमणार. रात्रभर गुडघे टेकले होते, दुखताहेत. या वेळी खरंच.