हाताने चुरलेल्या पाल्याचा अर्क

प्रति,
मा. संचालक,
वनस्पती औषध संशोधन संस्था

विषय : पाल्याच्या अर्काबाबतचा निष्कर्ष मागे घेऊन तसे शिक्क्याचे पत्र मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज.

महोदय,

हाताने चुरलेल्या पाल्याचा अर्क घातला की प्रयोगशाळेच्या तबकडीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींमधील दाह वाढवणारी जनुके मंदावतात. त्याच झाडाचा पाला यंत्रात दळून काढलेल्या अर्काने काहीही होत नाही.

१. याबद्दल शंका घेणारा पहिला अर्ज मी केला, तेव्हा आपण 'हाताची ऊब' असे कारण नोंदवून पाला चुरण्याच्या कामावर माझी कायम नेमणूक केलीत. दुसऱ्या अर्जानंतर 'कर्करोगावर गुणकारी पाला' या संस्थेच्या माहितीपत्रकावर माझी सही छापली गेली. तिसऱ्यानंतर माझा सत्कार झाला. चौथ्यानंतर काय होईल, याची मला धास्ती आहे. तरी अर्ज करणे भाग आहे.

२. माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग आहे. माहितीपत्रक वाचून तिने रुग्णालयात जाणे सोडले. घरी ती हाच पाला उकळून पिते. तबकडीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, हे मी तिला वारंवार सांगितले. ती म्हणाली, "बरोबर आलेलं उत्तर खोडायची तुझी शाळेपासूनची खोड आहे. सही तुझीच ना? मग गप्प बस." भावजी म्हणतात, संस्थेचा शिक्का असलेलं पत्र आण, मग बघू. रुग्णालयाची तारीख सोमवारची आहे. याहून उशीर चालणार नाही, असे डॉक्टरांनी लेखी कळवले आहे. सबब पत्र शनिवारपर्यंत मिळावे.

३. दरम्यान मी प्रयोगशाळेतील मदतनीस बाईंना पाला हातानेच चुरायला दिला. परिणाम शून्य. त्यांच्या हातांना ऊब नाही, असे म्हणता येणार नाही. हात धुताना त्यांनी सहज विचारले, "सर, तुम्ही हाताला रोज काय चोपडता हो?" त्यानंतर मी हातमोजे घालून पाला चुरला. परिणाम शून्य. शेवटी पाला वगळला आणि माझ्या हाताला लागते तेवढे मलम मद्यार्कात विरघळवून त्याचा अंश पेशींवर घातला. जनुके मंदावली.

४. मला हातांचा इसब आहे. त्यावर मी रोज सकाळी स्टेरॉइडचे मलम लावतो. दाह कमी करणे हेच त्या औषधाचे काम आहे. त्याच उघड्या हातांनी मी पाला चुरत होतो. परिणाम पाल्याचा नव्हता, मलमाचा होता.

आपल्या आदेशाने पाला चुरणारा,
(सही)
संशोधन सहायक
बुधवार

सोबत :
प्रयोगांच्या नोंदी
डॉक्टरांचे पत्र
मलमाची ट्यूब, अर्धी वापरलेली