कै. जोतीराम टोचन चषक

कुंभारी, दि. २८ एप्रिल २०२५

चि. ऋतुजास, आण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात फोन फक्त रविवारी, तोही थोडा वेळ. त्यामुळे माझी सोयच झाली. फोनवर मला ‘हं’ सोडून काही सुचत नाही. इकडे सगळं ठीक. काळ्या शेळीला दोन करडं झाली. त्यातलं एक पेपर खातं, आणि तेही राजकारणाचंच पान.

आता मुख्य गोष्ट. १८ मेला तुझ्या पप्पांचं, माझ्या जोतीरामचं, वर्षश्राद्ध. त्याच दिवशी तुझ्या भावाने, ऋतुराजने, माळावर ‘कै. जोतीराम स्मृतिचषक, भव्य टोचन स्पर्धा’ ठेवली आहे. तुझी कोकणातली मैत्रीण माझी पत्रं वाचते असं तू लिहिलं होतंस, म्हणून तिच्यासाठी सांगतो. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून उभे करायचे, साखळीने जोडायचे आणि दोघांनी उलट्या दिशांना ओढायचं. पुढची चाकं हवेत उठली की पोरं शिट्ट्या मारतात. गेल्या वर्षी याच खेळात जोतीरामचा ट्रॅक्टर त्याच्यावर उलटला. आता तोच ट्रॅक्टर दुरुस्त करून ऋतुराज चालवणार आहे.

चौकात फ्लेक्स लागलाय. वर जोतीराम गॉगल लावून, खाली ‘मार्गदर्शक’ म्हणून मी. फोटो आधार कार्डावरचा घेतल्यामुळे मी हरवलेल्या माणसासारखा दिसतो. मला कोणी विचारलं नव्हतं. रविवारी तू त्याला काहीतरी बोल. माझं तो नुसतं ऐकून घेतो.

जेवणखाण सांभाळ. तुझ्या पत्राची वाट बघतो.

तुझा, आण्णा

दि. ५ मे २०२५

ती. स्व. आण्णांना ऋतुजाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र सगळ्या खोलीने वाचलं. मैत्रीण विचारते, पण ओढून न्यायचं काय असतं? मला सांगता आलं नाही.

काल ऋतुराजशी बोलले. म्हणतो, ताई, तू लई घाबरतीस, आमी अभ्यास केलाय की. अभ्यास काय, तर पप्पांच्या ट्रॅक्टरला पुढे वजन कमी पडलं. म्हणून या वेळी पुढच्या बंपरवर त्याचे मित्र संगमेश आणि सिदू बसणार. सिदूने त्यासाठी जेवण वाढवलंय म्हणे. मला आधी हसू आलं. मग फोन ठेवल्यावर मोजलं. आण्णा, आता एकाच्या जागी तिघं.

इथे आम्हाला अपघाताचा पंचनामा शिकवतात. काय झालं, कसं झालं, कोणी पाहिलं. तेव्हा लक्षात आलं, पप्पांचं आम्हाला कोणी नीट सांगितलेलंच नाही. कोणी म्हणतं साखळी तुटली, कोणी म्हणतं नजर लागली. तुम्ही शेजारी उभे होतात. तुम्हाला त्रास होईल म्हणून आईनेही विचारलं नाही, मीही नाही. आता विचारते. मला नाही सांगितलंत तरी चालेल, ऋतुराजला सांगा.

करडाला अर्थकारणाचं पानही देऊन बघा. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची, ऋतुजा

कुंभारी, दि. १० मे २०२५

चि. ऋतुजास, अनेक आशीर्वाद.

सांगितलं. संध्याकाळी तिघंही अंगणात ट्रॅक्टर धूत होते. साखळी कुठे बांधणार, एवढंच मी विचारलं. ऋतुराजने वरचा हूक दाखवला. खाली बांधली तर तोंड उचलत नाही, मग रीलमध्ये दिसणार काय, असं त्याचं म्हणणं.

मग मी बोललो. जोतीरामने पहिल्या दोन्ही फेऱ्यांना साखळी खालच्या हुकाला बांधली होती आणि दोन्ही जिंकल्या होत्या. ट्रॅक्टर जमिनीला चिकटून ओढत गेला. स्पर्धेला आलेली दुधनी गावची पोरं म्हणाली, काका, ह्यात बघायचं काय? तेव्हा त्याने साखळी वर घेतली. मी नको म्हणालो. तो हसला. म्हणाला, आण्णा, एकदाच, पोरांसाटी. तोंड वर गेलं ते थांबलंच नाही. साखळी शाबूत होती. वरून ओढ बसली की ट्रॅक्टर मागेच पडतो, आणि पुढे बसलेला त्याच्याबरोबर वर जातो. स्पर्धा जिंकून झाली होती, ऋतुजा. तो गेला तो शिट्ट्यांसाठी.

सिदूने विचारलं, मग पुढं आमी असतो तर? मी म्हणालो, फ्लेक्स मोठा छापावा लागला असता. संगमेश पाणी पिऊन येतो म्हणून गेला, तो अजून यायचाय. आत तुझ्या आईच्या भांड्यांचा आवाजही थांबला होता. ऋतुराज मात्र उठला. दुधनीच्या पोरांना शब्द दिलाय, माघार घेतली तर लोक हसतील, म्हणाला आणि मोटरसायकल काढून निघून गेला.

एवढं मी वर्षभरात बोललो नव्हतो. घसा बसलाय. तू काळजी करू नकोस असं लिहिणार होतो, पण मलाच काळजी आहे.

आण्णा

कुंभारी, दि. १९ मे २०२५

चि. ऋतुजास, आशीर्वाद. सगळे सुखरूप आहेत, हे आधी लिहितो.

काल विधी सकाळी झाला. पंगत बसायच्या आतच दुधनीचे ट्रॅक्टर माळावर आले, स्पीकर आला, भेळेची गाडीसुद्धा आली. ऋतुराजने साखळी खालच्या हुकाला बांधली. तेवढं त्याने माझं ऐकलं होतं. पण तिकडून कोणीतरी ओरडलं, जोतीरामचा पोरगा हायस का न्हाय, वर घे की. शिट्ट्या सुरू झाल्या. त्याने साखळी सोडली आणि वर बांधली. बंपर रिकामा होता. संगमेश आणि सिदू, दोघांच्याही पोटात एकाच वेळी दुखत होतं.

तेवढ्यात तुझी आई आली. लग्न होऊन आल्यापासून माझ्यासमोर, सासऱ्यासमोर, मोठ्याने न बोललेली बाई. पदर खोचून बंपरवर चढली आणि बोनेटला टेकून बसली. म्हणाली, वजन पायजे म्हनत हुतास की. मी हाय. टाक गेर.

तो उतर म्हणत राहिला. ती म्हणाली, उतरत न्हाय. तुला शिट्ट्या ऐकायच्यात न्हवं, ऐक की. स्पीकरवाल्याने आपणहून गाणं बंद केलं. ऋतुराजने ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरला आणि किल्ली तिच्या हातात दिली. तिने ती कनवटीला खोचली आणि दुधनीच्या पोरांना म्हणाली, जेवून जावा, सैपाक लई झालाय.

सगळे आले. ऋतुराज वर्षभरात रडला नव्हता, तो पंगतीत बसल्यावर रडला. दुधनीची पोरं खाली मान घालून जेवत राहिली. माळावर जो ओरडला होता त्यानेच उठून त्याला पाणी दिलं.

रविवारी फोन कर. किल्ली कुठे आहे ते ऋतुराजला विचारू नकोस, त्याला ठाऊक नाही. आईला विचार. ती सांगणार नाही.

बाकी भेटीत बोलू.

तुझा, आण्णा