गोळ्यात बसण्याआधी तीखोन लापशिनने लिहून ठेवलेलं

मी, तीखोन येफीमोविच लापशिन (इथे सगळे तीशा म्हणतात), वय चोवीस, शिक्षण सातवी (त्यातलं अर्धं वर्ष पेचोरा नदीवर लाकडाच्या तराफ्यांवर गेलं, ते धरू नये), आज रविवारी दुपारी जेवणानंतर, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी धाक घालून लिहून घेत नसताना, माझ्या मागे काय कुठे जावं ते लिहितो. प्यायलेलो नाही. चाचणीच्या आठवड्यात इथे पिऊ देत नाहीत.

कारण असं की, आमच्या संस्थेत एक मोठा, आतून पोकळ धातूचा गोळा आहे. त्यात बसून माणूस आभाळापार जाणार आहे. आजवर फक्त कुत्रे जाऊन आले. परतताना गोळा हवाई छत्रीखाली जमिनीवर आदळतो. त्यात माणसाचं काय होतं ते बघायला पलटणीतून आणलेल्या आम्हा चाचणीवाल्यांना आत पट्ट्यांनी बांधून वरून खाली सोडतात. उद्या रवील गालियेव, परवा मी. या वेळी मागच्यापेक्षा दीड मीटर जास्त उंचीवरून.

कलम १. माझे जाड लोकरी नमद्याचे बूट बहीण कापितोलिना हिला, मुक्काम कोत्लास. मोठे होतील, पण ती दोन मोजे चढवते. मी सतराव्या वर्षी घर सोडलं तेव्हा ती म्हणाली होती, "जा बाबा. एका जागी महिनाभर टिकलास तर पत्र टाक." म्हणून तिला पत्रं फारशी गेली नाहीत.

कलम २. अकॉर्डियन स्वयंपाकघरातल्या मार्फा मावशीला. पुरे कर, असं आजवर न म्हणालेली ती एकटीच. एक पट्टी दाबली की वर येत नाही. हे वाद्य मला मुर्मान्स्कला एका खलाशाने दिलं, कारण त्याच्या बायकोने... ते असो, ती गोष्ट लांबेल.

कलम ३. कोठारवाला निकांद्र याला काही नाही. त्याने मला दोन्ही डावे बूट दिले आणि तक्रार केल्यावर म्हणाला, "उजवे आले की ये." मेपासून येतायत.

कलम ४. मी मेलोच, तर इथलं काम गुप्त असल्यामुळे बहिणीला खरं सांगता येणार नाही. झाडावरून पडला असं कळवावं. तिला पटेल.

कलम ५. हे वस्तूंबद्दल नाही. मागच्या मंगळवारी गोळ्यातून उतरल्यावर डॉक्टर अग्राफेना मत्वेयेव्हना यांनी विचारलं, "पाठ?"
"नॉर्मल."
"पाय?"
"नॉर्मल."
"नाव काय रे तुझं?"
"नॉर्मल."
सगळे हसले, त्याही हसल्या, आणि तसंच अहवालात गेलं.

खरं असं की कमरेखाली मला तीन तास काही कळत नव्हतं. रवीलच्या खांद्यावर हात टाकून खोलीपर्यंत आलो. त्याला वाटलं, मस्करी करतोय. डावी टाच अजून बधिर आहे. परवा तिच्यावर सिगारेट पडली, ते मला मोजा जळल्याच्या वासाने कळलं.

दुखतंय म्हणणाऱ्याला दोन दिवसांत त्याच्या पलटणीत परत धाडतात. गाडी सुटेपर्यंत त्याच्या खाटेवर खोक्यावरची चिठ्ठी चिकटवलेली असते : काच, जपून हाताळा. दोघांना ती मी स्वतः चिकटवली आहे. आणि मला इथून जायचं नाही. सात महिने मी एका जागी आहे, असं जन्मात झालं नव्हतं.

पण शुक्रवारी इंजिनियर लेव आर्काद्येविच आमच्यासोबत काशाची लापशी खायला बसले. त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे माणसाला खुर्चीसकट वरच गोळ्याबाहेर फेकायचं आणि त्याला त्याच्या वेगळ्या छत्रीने उतरू द्यायचं. नाहीतर त्याने गोळ्यातच बसून उतरायचं. ते म्हणाले, "पोरांनो, तुमचे अहवाल बघतोय, सगळं नॉर्मल. मग बाहेर कशाला फेकायचं? आतच उतरेल की." आणि त्यांनी उंची वाढवली. आम्ही खूश झालो. मी वाटी पुढे करून आणखी काशा मागितली.

म्हणजे उद्या रवील माझ्या खोट्यावर बसणार आहे. त्यानंतर मी, आणि कधीतरी तो, जो खरोखर वर जाईल आणि ज्याला मी ओळखतही नाही.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात म्हणे. तेव्हा उघडून रवीलच्या पाठीला काय उपयोग? म्हणून कलम ५ मी जिवंत असताना, आजच लागू व्हावं. बाकीची कलमं थांबू शकतात. साक्षीदारांनी सगळं वाचून सही करावी, न वाचता नाही. साक्षीदाराला वाटा मिळत नाही असं कुठेतरी ऐकलंय, म्हणून रवीलला काही ठेवलेलं नाही. त्याने राग मानू नये.

सही : ती. लापशिन
ठिकाण : मॉस्कोजवळ, वस्तीचं नाव लिहायला मनाई आहे
तारीख : १३ नोव्हेंबर १९६०

साक्षीदार पहिली : अ. म. झिमिना, डॉक्टर. वाचलं. उद्याची चाचणी माझ्या अधिकारात थांबवली आहे. लापशिनने सकाळी आठ वाजता कमरेच्या क्ष-किरण तपासणीला यावं. चालत नाही, स्ट्रेचरवरून.

साक्षीदार दुसरा : रवील गालियेव. वाचलं. तीशा, गाढवा, सप्टेंबरात माझंही नॉर्मल नव्हतं. डॉक्टरबाई, दोन स्ट्रेचर पाठवा.