भुरीची उजवी बाजू

ता. २ फेब्रुवारी

बारा दिवसांनी वही उघडली. उशीर झाला, चुकलंच माझं. तबेल्यातून आलो की जो आडवा होतो तो होतो. त्यात चौथीपर्यंत शिकलेला माणूस, एक पान लिहायला मला तास लागतो.

भुरी घोडी दोन वर्षांची झाली. तोंडाला मोरकी घालून घेते. दोर धरला की चालते, थांब म्हटलं की थांबते. ओढ लागली की मान सैल सोडायची, एवढं शिकायला तिला तीन आठवडे लागले. तेवढ्यात मी दहा वर्षांनी म्हातारा झालो.

मुलीचा फोन होता. तिच्याकडे लहान मुलं घोड्यावर बसायला शिकतात. म्हणाली, "बाबा, अठ्ठावीसला गाडी पाठवते. पण कुणी कुठूनही हात लावला तरी ती बुजता कामा नये. लेकरं असतात. जमत नसेल तर आत्ताच सांगा, व्यापारी मागतोय तिला."

जमतंय म्हणालो. त्या व्यापाऱ्याकडे गेलेलं जनावर कुठे जातं ते मी पाहिलंय.

ता. ५

खोगिराखालचं जाड कापड पाठीवर टाकलं. आधी कान मागे पाडले, मग फुरफुरली, मग चक्क जांभई दिली. मलाही आली.

ता. ६

दाराच्या चौकटीला खांदा आपटला. या आठवड्यात तिसऱ्यांदा. चौकट अरुंदच आहे. सून म्हणते, "मामंजी, चौकट तीस वर्षं तिथेच आहे, तुम्हीच सरकलात." चहाचा कपही कोपराने पाडला. टेबलाच्या कडेला ठेवते आणि वर मलाच बोलते.

ता. ९

पाठ धरलीय. भुरीने आज त्रास दिला नाही.

ता. १२

वाईट झालं. मी भुरीला दोरावर धरून उभा होतो. सून चाऱ्याची पाटी घेऊन कुंपणात आली, भुरीच्या उजव्या अंगाने. भुरी अशी उडाली की दोर माझा तळहात सोलत गेला. सून कुंपणाला चिकटली, पाटी लांब जाऊन पडली.

"घरात सून ठेवायचीय की नाही तुम्हाला?" असं म्हणाली. मग माझ्याच हाताला मलम लावत बसली.

तीच बाई, तीच पाटी. डावीकडून आली की भुरी तिच्या खांद्याला नाक घासते. मग आज काय झालं?

ता. १३

सुनेला दुरून, हळूहळू, उजवीकडून यायला सांगितलं. तीनदा. तिन्ही वेळा भुरी उडाली. डावीकडून आली तेव्हा पापणीसुद्धा हलली नाही.

उजवा डोळा गेलाय तिचा. दुसरं काय असणार?

ता. १४

सांगितलं तर भुरी व्यापाऱ्याकडे. नाही सांगितलं तर कुणाचं तरी लेकरू पडेल. दिवसभर हेच. जेवण गेलं नाही.

ता. १७

मुलीचा फोन. "कशी आहे भुरी?" "बरी आहे." एवढंच बोललो. फोन ठेवल्यावर तोंड कडू झालं. घोड्याचा दोष लपवणाऱ्याच्या दारात उभं राहू नये, हे याच पोरीला मी सांगत आलो.

ता. १९

शेवटी सुनेनेच जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. तरुण आहे, हात हलका. भुरीच्या डोळ्यात बॅटरी मारली, बोट फिरवलं, बराच वेळ घेतला. म्हणाला, "काका, डोळा काचेसारखा स्वच्छ आहे."

मग तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि त्याने विचारलं, "हिला खरारा कोण करतं?"

मीच. रोज. दोन्ही वेळा.

"या बाजूला करता कधी?"

मला राग आला. मान वळवून उजवीकडे जाऊन बघितलं. डावं अंग आरशासारखं. उजव्या अंगावर थंडीतले जुने केस तसेच, पोटाखाली चिखल वाळून खपल्या झालेल्या. दोन महिने मी त्या बाजूला गेलोच नव्हतो. घोड्याला दोन्ही बाजू वेगवेगळ्या शिकवाव्या लागतात, एकीकडचं शिकलेलं दुसरीकडे कळत नाही — मुलीला हे पहिल्या दिवशी मीच सांगितलं होतं. मी दोन्हीकडून करतोय असंच वाटायचं मला. शप्पथ.

डॉक्टरने माझा उजवा डोळा तळहाताने झाकला. "किती बोटं?"

"कसली बोटं?" मी म्हणालो.

सुनेने नुसता माझा हात धरला. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

ता. २१

सुनेने मला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डावा हळूहळू गेला, म्हणून मला कळलं नाही म्हणे. परत येणार नाही. उजवा जपा.

घोडी माझ्या उजव्या हाताला असली तरच मला दिसायची. म्हणून मी कायम तिच्या डाव्या अंगाला.

मुलीने घर सोडताना कबूल करून घेतलं होतं — डोळे, कान, गुडघे, एक जरी गेलं तरी बाबा तुम्ही दोर सोडायचा. मी हसून हो म्हणालो होतो. सुनेला म्हणालो, "तिला एवढ्यात सांगू नकोस." ती म्हणाली, "मी नाही सांगणार. पण तुम्हीसुद्धा नाही?"

ता. २३

आज भुरीच्या उजव्या बाजूला जाऊन समोर बघत उभा राहिलो. ती दिसेनाशी झाली. नुसता श्वास ऐकू येत होता. ती थरथरत होती. मीही.

दोघांनी पाच मिनिटं काढली. मग मी बाहेर आलो.

ता. २४

मुलीला चिठ्ठी. फोनवर हे बोलवणार नाही. आधी इथे लिहून बघतो, चुका होतात.

गाडी पाठवू नकोस. व्यापाऱ्यालाही हो म्हणू नकोस. भुरी चांगली आहे, अर्धीच शिकलीय. माझा डावा डोळा गेला. उजव्या बाजूचं सगळं राहिलंय, ते तू येऊन कर. दोर तू धर. मी कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसेन, विचारलंस तरच बोलेन. कधी येतेस ते लवकर कळव. मोरकी खुंटीला लावून ठेवलीय.