मला ‘अहो’ म्हणणाऱ्याच्या नावे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लेखनाचा, गुडघे सोडून बाकी शाबूत, कोणाच्याही दबावाखाली न येता, चष्मा पुसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. यापूर्वीचे रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

१. माझे राहते घर, दोन खोल्या व गच्ची, माझ्या पश्चात माझ्या सोबत्याचे. तो माझ्याहून चोवीस वर्षांनी लहान, पेशाने मुद्रितशोधक. ओळख भांडणातून झाली. माझ्या कादंबरीतली अकरा पाने त्याने खुशाल खोडली, म्हणून मी तावातावाने छापखान्यात गेलो. मान वर न करता तो म्हणाला, “अहो, नायिका दोनदा मेलीय. कुठलं मरण ठेवू?” मी हसलो, आणि तिथेच फसलो.

२. कागदोपत्री आम्ही एकमेकांचे कोणी नाही; म्हणून हा कागद. सतरा वर्षे तो मला ‘अहो’ म्हणतो, मी त्याला ‘अरे’. पहिल्या वर्षीचे ‘अहो’ माझ्या वयाला होते. नंतरचे कोणाला होते, ते मला ठाऊक आहे.

३. पुस्तकांचे सर्व हक्क त्याचे. म्हातारपणी माझ्या प्रेमकथा एकाएकी कशा सुधारल्या, असे कोणी विचारल्यास त्याने उत्तर देऊ नये, नुसते लाजावे.

४. भाच्याला माझा कोट. “मामा, या वयात हे शोभतं का?” असे त्याने भरल्या ताटावर विचारले होते. कोट त्याला घट्ट होईल. होऊ दे.

५. थोरल्या ताईने अकरा वर्षे आमचा उंबरा ओलांडला नाही. गेल्या महिन्यात मी इस्पितळात असताना “फक्त जवळचे नातेवाईक” म्हणून परिचारिकेने माझ्या माणसाला दाराबाहेर ठेवले. दोन दिवस तो बाकावर बसून होता. तिसऱ्या सकाळी ताई काठी टेकत आली, त्याच्याकडे बघत राहिली, मग परिचारिकेला म्हणाली, “हा आमच्या घरचा आहे. आधी याला आत सोडा, मी येते मागून.” तिला आईच्या दागिन्यांचे कपाट द्यायचे होते. साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. ती म्हणाली, “मग कपाट राहू दे, मला साक्षीदारच करा.”

६. माझ्यामागे त्याने एकटे राहू नये. पुन्हा कोणावर जीव जडला, तर घर दोघांचे. माझा फोटो मात्र काढू नये. फार तर स्वयंपाकघराकडे तोंड करून लावावा.

वरील मजकूर वाचून, पटवून घेऊन सही केली.

ठिकाण : आमची गच्ची, ऊन उतरताना
दिनांक : चौदा मार्च, रविवार

सही : लेखक

साक्षीदार :
१. आमच्या डॉक्टरीणबाई
२. थोरली बहीण (सही करून जिन्यात डोकावून म्हणाली, “ये रे वर आता. झालं सगळं तुझ्या नावावर. चहा टाक.”)