गाफच्या झाडाखालचं निर्माल्य

प्रिय आभा,

मागच्या पत्रातली एक गोष्ट आधी दुरुस्त करते. वाळवंटात कचरा टाकताना आमच्या कॅमेऱ्यात सापडलेला माणूस चपलांत वाळू जाते म्हणून त्या काढतो, असं मी लिहिलं होतं. ते चूक. तसं असतं तर त्यानं त्या गाडीत ठेवल्या असत्या. यानं झाडापासून लांब, शेजारी शेजारी नीट लावल्या आणि तापलेल्या वाळूत अनवाणी पुढे गेला. कचरा टाकायला अनवाणी कोण जातं?

हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. माझं काम तुला ठाऊक आहे. इथल्या सिलिकॉन ओएसिस भागातल्या, एसीनं गारठलेल्या ऑफिसात बसून शहराबाहेरच्या वाळवंटात लावलेल्या कॅमेऱ्यांची चित्रं बघायची. बहुतेकदा उंट दिसतात, क्वचित एखादा कोल्हा. मधूनच ट्रक येतो, बांधकामाचा राडारोडा ओततो आणि निघून जातो. हे लोक इंजिनसुद्धा बंद करत नाहीत. या माणसानं पिकअप बंद केली, पिशव्या एकेक करून उतरवल्या, गाफच्या एकुलत्या झाडाखाली रिकाम्या केल्या, बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि हात जोडले. डोक्याला टोपी, तोंडाला रुमाल, नंबरप्लेट धुळीनं भरलेली. माझी वरिष्ठ एमान हसत म्हणाली, हा चोर फारच सभ्य आहे, तुमच्याकडचा दिसतो. मी म्हटलं, आमच्याकडे कचऱ्याला कुणी नमस्कार करत नाही. आणि म्हणता म्हणताच थांबले. करतो की आपण. निर्माल्याला करतो.

मग चित्र मोठं केलं. हार, दूर्वा, थर्मोकोलच्या मखराचे तुकडे, प्लास्टिकची फुलं. पिशव्या पिवळ्या कापडाच्या, त्यांवर निळे मोर. तुमच्या हॉलचा जुना पडदा, आभा. प्रमिलाकाकूनं त्याच्याच पिशव्या शिवून गणपतीत निर्माल्य गोळा करायला घरोघरी दिल्या होत्या. आता तो माणूस वाकताना डावा हात कमरेवर ठेवतो हेही मला दिसलं. ते तुझे बाबा आहेत.

शनिवारी मी अल कुसैसला तुमच्या घरी जेवायला गेले. आमटी वाढून घेताना सहज विचारल्यासारखं विचारलं, काका, एवढ्या सगळ्या घरांचं निर्माल्य जातं कुठे? ताटातून मान वर न करता सूर्यकांतकाका म्हणाले, अगं, त्या खजुराच्या बागेत, खत होतं त्याचं. ते हात धुवायला गेले तेव्हा काकू हळूच म्हणाली, कसलं खत, बागवाल्यानं मागच्याच वर्षी खलास, आता पुरे, म्हणून सांगितलं. फुलांत तारा आणि थर्मोकोल निघाला म्हणे. पण लोकांना सांगायचं कसं? त्यांनी काकांच्या भरवशावर दिलेलं. बिल्डिंगच्या कचराकुंडीत टाकायचं, तर देवाची फुलं. पायदळी येऊ नयेत म्हणून काकांनी जिथे कुणाचं पाऊल पडत नाही अशी जागा शोधली.

माणसाचं पडत नाही, एवढं खरं. पुढच्याच चित्रात उंटीण आणि तिचं पिल्लू येतात, आणि पिल्लू प्लास्टिकच्या दोऱ्यासकट हार चावत उभं राहतं. काकांनी ते पाहिलेलं नाही. ते हात जोडतात तेव्हा रुमालाआड काय म्हणत असतील, याचं मला अजूनही कुतूहल वाटतं. आमच्या कॅमेऱ्यांना आवाज नाही.

शाळेत जागा मिळेपर्यंत मला काकांनीच शिकवलं, तुमच्या जेवणाच्या टेबलावर. चूक खोडायची नाही, तिच्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. तू त्यांची पाठ वळली की खोडरबर चालवायचीस. मला ते कधी जमलं नाही.

ओळख न पटलेली चित्रं महिनाअखेरीस बाजूला टाकतात. मी काहीच केलं नाही तर काकांना कुणी ओळखणार नाही, आणि म्हणूनच मला गप्प बसवत नाही. नाव कळलं की दंड तर होईलच. पण निवृत्तीला आलेल्या माणसाच्या नोकरीचं, व्हिसाचं काय होतं, हे मला माहीत नाही, आणि माहीत नसल्यामुळे झोप लागत नाही. स्वतः जाऊन सांगणाऱ्याकडे इथे जरा नरमाईनं बघतात, असं एमान म्हणते. शनिवारी त्यांच्यासमोर बसूनही माझी जीभ उचलली नाही. सांगितलं असतं तरी ते नुसतं ‘बरोबर आहे’ म्हणाले असते आणि मला आणखी भात वाढला असता. ते फक्त तुझं ऐकतात. म्हणून हे पत्र. उद्या तिकडे पुण्याला निघालेल्या तन्मयकडे देते आहे. तू त्यांना फोन कर. त्यांनी स्वतः म्युनिसिपालिटीत जावं. ते सगळं उचलून आणायला मी त्यांच्याबरोबर येईन, अनवाणी यायला सांगितलं तरी येईन. ते गेले नाहीत, तर मंगळवारी, १४ ऑक्टोबरला सकाळी, मी एमानला त्यांचं नाव सांगणार आहे.

तुझीच,
मुग्धा