धोतऱ्याला आमंत्रण

प्रिय प्रितम,

तू रागावला आहेस, आणि तुझ्या जागी मीही रागावले असते. मुंबईहून आलेले दहा पाहुणे पहाटेच्या थंडीत चटयांवर बसून होते, आणि ज्या बाईच्या हातून धोतऱ्याची गुंगी घ्यायला ते आले होते ती चहा पिऊन, तुझ्या ताटातले दोन लाडू पदराला बांधून, डोंगराकडे चालू लागली. फार्महाऊसच्या फाटकात तू मला म्हणालास, तुझ्या भामाबाईने माझं नाक कापलं, आता दुसरी कोणी बघ. रोज डायरी लिहिणाऱ्या बाईला तोंडावर काही सुचत नाही, हे तुला कॉलेजपासून ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

वनस्पतिशास्त्राच्या मुलांना घेऊन मी प्रबळगडाखालच्या ठाकरवाडीत जाते, तिथली भामाबाईची ओळख. धोतऱ्यातली द्रव्यं मी फळ्यावर लिहून दाखवते. माणूस कशाने बरळतो आणि कशाने मरतो, तेही सांगते. पण धोतरा तर आपल्या रोडपालीच्या नाल्याकाठी कचऱ्यातसुद्धा उगवतो. तू म्हणालासच, एवढे नखरे कशाला, मीच उपटून आणतो. त्यावर ती कशी हसली, आठवतं? "उपटा की शेठ! तुमच्यात पोरगी बी न विचारता उचलून आनतात काय?"

आदल्या संध्याकाळी तू पाहुण्यांच्या खोल्या बघत होतास, म्हणून पुढचं तुला दिसलं नाही. कुंपणालगतच्या धोतऱ्याची पांढरी फुलं नुकती उमलत होती. भामाबाईने चपला काढल्या. आपली सावली झाडावर पडू नये म्हणून ती वळसा घालून पलीकडे गेली, बुंध्याशी पाणी घातलं, मूठभर तांदूळ ठेवले. मग सोयरिकीला आल्यासारखी, हलक्या आवाजात बोलली, "उद्या न्यायला येते. रागावू नको, बाय. एका मानसाचं काम हाय." मला वाटलं, पाहुणे तर दहा आहेत. पण विचारलं नाही. मला आम्हा ज्यूंचं नवसाचं मलिदाचं ताट आठवलं. त्या ताटात सब्जा असतो, त्याचा वास घेण्याआधीही आम्ही बराखा म्हणतो, वास निर्माण करणाऱ्या देवाचे आभार मानतो. लहानपणापासून ती मी घाईघाईने पुटपुटत आले आहे. इतकी वर्षं शिकवलेल्या झाडासमोर त्या दिवशी मीही चपला काढल्या, आणि कोणी बघत नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं. त्याची लाज आजही वाटते.

रात्रीतून मुंग्यांनी तांदूळ नेले तर झाड यायला तयार, नाही नेले तर नाही, असा ठाकरांचा नियम. पहाटे तांदूळ जसेच्या तसे होते. मी वाकून बघितलं आणि औषधाचा उग्र वास आला. पाहुण्यांना काही चावू नये म्हणून तू आदल्या दुपारी सगळ्या कुंपणाला फवारणी करून घेतली होतीस. मेलेल्या मुंग्यांची ओळ दगडाला चिकटून होती. खरं सांगू, मला हायसं वाटलं. कारण सापडलं! मी धावत वाटेवर भामाबाईला गाठलं आणि म्हटलं, झाड नाही म्हणालेलं नाही, मुंग्याच मेल्यात. ती थांबली. "मंग? निरोप आननारेच मारलेत, तर झाड हो कुनाच्या तोंडानं म्हनंल?"

झाड ऐकतं असं मी मानत नाही. पण विचारल्याशिवाय तोडायचं नाही हे ज्याला पहिल्यांदा सुचलं असेल, त्याच्यापुढे मला फार लहान वाटलं. उजाडत होतं, प्रबळगडाच्या माथ्यावर ऊन आलं होतं, आणि मी खाली मान घालून तिच्या मागोमाग चालत राहिले.

तेव्हा तिने ते सांगितलं. पहिल्याच भेटीत तू तिला बाजूला घेऊन विचारलं होतंस, यानं गेलेलं माणूस दिसतं का? कोण, ते तू तिला सांगितलं नाहीस. मला सांगायची गरज नाही. करंजाहून समुद्रात गेलेली होडी सापडली, दीपेश सापडला नाही. चंद्रावतीकाकू अजून लेकाचं पान वाढतात, आणि तू त्या पानाकडे न बघता जेवतोस. त्यानंतर मी तुझ्या तोंडून धाकट्या भावाचं नाव ऐकलेलं नाही. फार्महाऊस, जाहिरात, मुंबईचे पाहुणे हा सगळा पसारा मला धंदा वाटत होता. पण त्या पहाटे दहा चटयांच्या मागे अकरावी होती, आणि तिच्यावर तू बसला होतास. "एका मानसाचं काम" म्हणजे काय, ते मला वाटेवर कळलं.

मी दुसरी कोणी बघणार नाही, प्रितम. भामाबाईचा निरोप पोचवायला लिहिते आहे. शनिवारी दिवस मावळायच्या आत एकटा ये, गाडी खाली ठेवून चालत. वाडीमागच्या धोतऱ्यापुढे तांदूळ तुझ्या हाताने ठेवायचे. झाड हो म्हणालं तरी ती ते तुला देईलच असं नाही. ती म्हणाली, "दिसंल का नाय, मला ठावं नाय. जीव घेनारं ईख हाय ते. आदी बसू. त्याला भावाचं नाव तरी घेऊ दे." येतोस का, असं विचारायला मी फोन करणार नाही. वाडीच्या वाटेवर उभी राहीन. तांदूळ मात्र घरचे आण, काकूंकडून मागून. कशाला हवेत असं त्यांनी विचारलं, तर खरं सांग.

वाटेवर असेन,
तुझीच
रेबेका